बेलीचे पंधरा डॉलर आणि आमची उचल

गेल्या एप्रिलमध्ये, जयंतीच्या आठवड्यात, बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कार्यकर्त्यांचा आणि विद्यार्थ्यांचा अभ्यासवर्ग झाला. राखीव जागा आणि संविधान हा विषय माझ्याकडे होता. मी तासभर बोललो, टाळ्या झाल्या. मग मागच्या रांगेतला बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा उठला. तो म्हणाला, "सर, अमेरिकेच्या कोर्टानं २०२३ साली वंश बघून प्रवेश देणं बंद केलं. कॉलेजात पोरं मला मोबाइलवर ते दाखवतात. म्हणतात, ज्या अमेरिकेचं नाव तुम्ही उठता-बसता घेता, तिनंच आता पुरं केलं. तुमचं कधी पुरं व्हायचं? त्यांना काय सांगू?"

अमेरिका वेगळी, भारत वेगळा, असे काहीतरी उत्तर मी दिले. मुलगा खाली बसला, पण त्याचे समाधान झाले नव्हते आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नव्हते. अमेरिका इतकी वेगळी असेल तर इतकी वर्षे आपण तिचे दाखले का देत आलो? त्या दिवशी द्यायचे राहून गेलेले उत्तर मी येथे मांडत आहे.

आपल्या चळवळीचा अमेरिकेशी संबंध जुना आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केले आणि ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन जनतेला अर्पण केले. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे नेते ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, काळ्यांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे जायच्या अर्जाची प्रत मागवली. पुढे म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि औरंगाबादच्या मिलिंद परिसरात, त्या वेळच्या शब्दात सांगायचे तर, 'निग्रो साहित्या'ची चर्चा सुरू झाली. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने तर नावच तिकडून घेतले. तथापि या सगळ्यात आपण दोन अमेरिका वाचल्या. गुलामांना मुक्त करणारी लिंकनची एक आणि मार्टिन ल्यूथर किंग व ब्लॅक पँथर यांची दुसरी. या दोहोंमध्ये जवळजवळ शंभर वर्षे जातात. त्या शंभर वर्षांत काय झाले हे आपण फारसे वाचले नाही. माझ्या मते आजच्या वादांची उत्तरे तिथेच आहेत.

हकीकत थोडक्यात अशी. १८६५ साली यादवी युद्ध संपले. सुमारे ४० लाख गुलाम मुक्त झाले. राज्यघटनेत तीन दुरुस्त्या झाल्या. तेरावीने १८६५ मध्ये गुलामगिरी रद्द केली, चौदावीने १८६८ मध्ये कायद्याचे समान संरक्षण दिले, पंधरावीने १८७० मध्ये मताचा अधिकार वंशावरून नाकारता येणार नाही असे ठरवले. त्याच १८७० साली हायरम रेव्हल्स हा काळा माणूस सिनेटमध्ये बसला. कागदावर पाहिले तर आणखी काय हवे होते?

हवी होती जमीन. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मनने हुकूम काढून साउथ कॅरोलायना, जॉर्जिया आणि फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावरची, पळालेल्या मळेवाल्यांची जमीन मुक्त गुलामांसाठी राखून ठेवली. दर कुटुंबाला ४० एकरांपर्यंत. सुमारे ४० हजार माणसे तिथे वसली, त्यांनी पेरणीही केली. लिंकनच्या खुनानंतर अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सनने त्याच वर्षी ही जमीन जुन्या मालकांना परत देण्याचा हुकूम दिला. ऑक्टोबरमध्ये एडिस्टो नावाच्या बेटावर जनरल हॉवर्डला ही बातमी सांगायला पाठवले. बेटावरच्या लोकांनी लेखी अर्ज केला. त्याचा आशय असा की, जमिनीवाचून आम्ही पुन्हा त्याच मालकांच्या दयेवर पडतो, मग हे स्वातंत्र्य कसले? जमीन परत गेली ती गेलीच.

त्यानंतर दक्षिणेच्या राज्यांनी एक नवी व्यवस्था उभी केली. तिला गुलामगिरी हे नाव नव्हते. मिसिसिपी राज्याचा कायदा असा होता की, काळ्या मजुराने दर जानेवारीत आपल्याकडे काम असल्याचा लेखी पुरावा दाखवायचा. वर्ष भरायच्या आत मालक सोडला तर झालेल्या कामाची मजुरीही बुडणार. ज्याच्याकडे काम नाही तो 'भटक्या', त्याला दंड, आणि दंड न भरल्यास त्याची मजुरी कोणालाही विकत घेता येई. जे बटईने शेती करत त्यांना बियाणे, पीठ, कापड दुकानदाराकडून उधार मिळे, वर्षाअखेर कापूस मोजला जाई आणि वहीत बाकी त्यांच्याकडेच निघे.

प्रतिकार केला तर हत्या होत. ज्या वर्षी फुल्यांनी अमेरिकन जनतेला पुस्तक अर्पण केले त्याच वर्षी, १३ एप्रिल १८७३ रोजी, लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी निवडणुकीच्या वादातून गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने काळ्यांची कत्तल केली. त्यातले बरेच जण शरण आल्यावर मारले गेले. मृतांचे अंदाज साठपासून दीडशेपर्यंत आहेत. फक्त तिघे दोषी ठरले आणि १८७६ साली सर्वोच्च न्यायालयाने तेही सोडले. कारण काय? चौदावी दुरुस्ती राज्य सरकारला बांधते, खासगी माणसांना बांधत नाही. मारणारे सरकार नव्हते, गावचेच लोक होते!

१८७७ साली केंद्राचे सैन्य दक्षिणेतून काढून घेतले गेले. १८७५ साली एक नागरी हक्क कायदा झाला होता. त्याने खाणावळी, वाहने, नाटकगृहे यांत वंशभेदाला बंदी केली होती. १८८३ साली सर्वोच्च न्यायालयाने तोही रद्द केला. निकालपत्रात न्यायमूर्ती ब्रॅडली यांनी जे म्हटले त्याचा आशय असा की, गुलामगिरीतून बाहेर पडलेल्या माणसाने कधीतरी कायद्याचा खास लाडका असणे सोडून साधा नागरिक झाले पाहिजे. मुक्तीला तेव्हा अठरा वर्षे झाली होती. ज्याला ४० एकर देऊन काढून घेतले, ज्याच्या खुनाला शिक्षा नाही, तो कायद्याचा लाडका! आपल्याकडे 'सरकारचे जावई' म्हणतात, ते हेच. ब्रॅडलीसाहेबांचे मराठी भाषांतर चावडीवर फार आधीच झालेले आहे.

आता बाबासाहेबांकडे येऊ. पहिल्या गोलमेज परिषदेत, १९३०-३१ मध्ये, त्यांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या संरक्षणाची एक योजना सादर केली. तिच्यातल्या कलमांखाली आधार दिलेले आहेत. त्यांत चौदावी दुरुस्ती आहे आणि १८६६ व १८७५ चे नागरी हक्क कायदेही आहेत. म्हणजे अमेरिकेने स्वतः १८८३ साली मोडीत काढलेला कायदा बाबासाहेबांनी उचलून भारताच्या भावी राज्यघटनेसाठी पुढे ठेवला. त्याच योजनेत सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशीही मागणी आहे. सत्ता सरकारी कचेरीइतकीच गावातल्या शेजाऱ्याच्या, दुकानदाराच्या, मालकाच्या हातात असते, हे तिथे गृहीत धरलेले आहे.

भारताच्या संविधानात याचे फळ दिसते. कलम १५(२) दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, रस्ते यांच्याबद्दल बोलते. कलम १७ अस्पृश्यता नष्ट करते, मग ती पाळणारा सरकारी अधिकारी असो की गावचा पाटील. कलम २३ वेठबिगारीला बंदी करते, मग ती लादणारा कोणीही असो. कोलफॅक्सचे खुनी ज्या वाटेने सुटले ती वाट आपल्या संविधानाने बुजवून टाकली. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्याच पायावर उभा आहे.

आणि आता त्या मुलाच्या प्रश्नाचे सरळ उत्तर. अमेरिकेच्या न्यायालयाने २०२३ मध्ये हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यांत जो निकाल दिला तो चौदाव्या दुरुस्तीतल्या समान संरक्षणाच्या तत्त्वावर आणि नागरी हक्क कायद्यावर दिला. त्या दुरुस्तीत मागे राहिलेल्यांसाठी खास तरतूद करता येईल असे एकही वाक्य नाही. आपल्याकडे नोकऱ्यांबाबत ते वाक्य, कलम १६(४), पहिल्या दिवसापासून आहे. शिक्षणाबाबत ते नव्हते. म्हणून १९५१ साली चंपकम दोराईराजन खटल्यात मद्रासच्या राखीव जागा रद्द झाल्या आणि त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन कलम १५(४) आले. आपण तो वाद तेव्हाच संपवला. दहा वर्षांची मुदत होती, तीही लोकसभा आणि विधानसभेतल्या राखीव जागांना. ती वेळोवेळी वाढत गेली आणि २०१९ च्या १०४ व्या दुरुस्तीने २०३० पर्यंत वाढली. शिक्षण आणि नोकरीतल्या राखीव जागांना संविधानात अशी मुदत नाही. मित्रांनो, एवढे तरी प्रत्येक कार्यकर्त्याने तोंडपाठ ठेवावे.

'आता पुरे' हे म्हणणे अमेरिकेत काही २०२३ मध्ये जन्मले नाही. १८८३ मध्ये तेच होते. १८७७ नंतर काढून घेतलेला मताचा हक्क काळ्यांना खऱ्या अर्थाने मिळाला तो १९६५ च्या कायद्याने, म्हणजे ८८ वर्षांनी. २०१३ साली न्यायालयाने त्या कायद्याचाही कणा काढला. परिस्थिती सुधारली आहे, हे कारण दिले. आपल्याकडे २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अत्याचार कायद्याचा दुरुपयोग होतो असे म्हणून त्याची धार कमी केली. २ एप्रिलला देश बंद झाला, ऑगस्टमध्ये संसदेने दुरुस्ती करून धार परत बसवली. अमेरिकेत १८८३ नंतर जे झाले नाही ते आपल्याकडे २०१८ मध्ये झाले, कारण रस्त्यावर माणसे होती. यातून शिकायचे ते हे, की कायदा रद्द होत नाही, तो जागेवरच ठेवून रिकामा केला जातो.

हे मला पुस्तकाआधी घरात दिसले, पण कळले पुस्तक वाचल्यावर. १९०७ च्या डिसेंबरात अलाबामा राज्यातल्या आलोंझो बेली नावाच्या काळ्या मजुराने एका कंपनीशी वर्षाचा करार केला. महिना १२ डॉलर मजुरी, आणि सुरुवातीला १५ डॉलर आगाऊ. ती रक्कम महिन्याला सव्वा डॉलर कापून फेडायची. महिना-सव्वा महिन्याने तो काम सोडून गेला. राज्याचा कायदा असा होता की, आगाऊ रक्कम घेऊन ती न फेडता जो काम सोडतो त्याने फसवणुकीच्या हेतूनेच ती घेतली असे समजावे. वर त्याला आपला हेतू काय होता हे साक्षीत सांगायचीही परवानगी नव्हती. त्याला दंड झाला. दंड आणि खर्च न भरल्यास १३६ दिवस सक्तमजुरी. १९११ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा रद्द केला. कर्जाची भीती घालून काम करून घेणे म्हणजे गुलामीच, असा त्याचा अर्थ.

बीड जिल्ह्याच्या वाचकाला पुढचे सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. दसरा-दिवाळी झाली की आमची गावे रिकामी होतात. लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. तिथे हिशोब कोयत्याचा असतो, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पावसाळ्यात, घरात दाणा नसतो तेव्हा, मुकादम उचल देतो. ती फिटेपर्यंत तोडायचे.

१९७८ साली मी दहा वर्षांचा होतो. त्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. आमच्या गावात कोणी आले नाही, पण शेतावर बोलावणेही बंद झाले. बापाने नेहमीपेक्षा लवकर आठशे रुपये उचल घेतली. मी आजीजवळ राहिलो. त्या हंगामात माय सहा दिवस तापाने कोपीत पडून होती. तेवढे खाडे लागले. खाडा म्हणजे न भरलेल्या दिवसाचा दंड, आणि जोडीतले एक पडले की कोयता मोडतो म्हणून तो दोघांचा. पाडव्याच्या सुमारास दोघे परत आले तेव्हा मुकादमाच्या वहीत आमच्याकडेच २१० रुपये निघत होते. बाप अंगठ्याचा धनी. मी चौथीत होतो, मला वही वाचता आली असती, पण ती मला कोणी दाखवली नाही. त्या २१० रुपयांसाठी पुढच्या वर्षी दोघे पुन्हा गेले.

कायदा तेव्हाही होता. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ मध्येच झाला होता. उचल घेऊन काम बदलायचे स्वातंत्र्य गमावलेला मजूर हा वेठबिगार, आणि त्याचे ते कर्ज रद्द, असे तो सांगतो. १९८२ साली दिल्लीच्या एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणे ही सक्तीची मजुरीच आहे असे ठरवले, आणि त्या निकालपत्रात बेलीच्या खटल्याचा आधार आहे. अलाबामाचा तो मजूर असा भारतीय कायद्यात आला. आमच्या मुकादमाच्या वहीत मात्र तो अजून आलेला नाही. उचल घेऊन आला नाही म्हणून फसवणुकीची फिर्याद करण्याची धमकी आजही ऐकू येते. २०१९ साली शासनाच्या समितीने जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भपिशवी काढलेली आढळली. पाळीतला खाडा परवडत नाही, हे कारण बायकांनी स्वतः सांगितले. अमेरिकेतही बेलीच्या निकालाने सारे संपले नव्हते. तसलाच फ्लॉरिडाचा कायदा रद्द व्हायला १९४४ उजाडले.

४० एकरांची गोष्टही आपल्याकडे आहे. तिचे नाव गायरान. गावच्या गुरांसाठी राखलेली ही पड जमीन मराठवाड्यात भूमिहीन दलितांनी पिढ्यानपिढ्या कसली. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पुढे शासनाने १९७८ आणि १९९१ मध्ये निर्णय काढले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करायची असे दुसऱ्याने ठरले. आमच्या जिल्ह्यात एकनाथ आवाड आणि मानवी हक्क अभियान यांनी त्यासाठी गावोगाव लढा दिला. आवाड २०१५ साली गेले. कित्येकांचे नाव आजही गाव नमुना १-ई मध्ये, म्हणजे अतिक्रमणाच्या नोंदवहीत आहे, सातबाऱ्यावर नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणे काढायचा आदेश दिला. भूमिहीनांना आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या अधिसूचनेने पट्टा दिला असेल तर अपवाद करता येईल, असे त्यातच म्हटले आहे. म्हणजे ज्याचा कागद झाला तो वाचला. एडिस्टोच्या लोकांजवळ पेरलेली शेते होती, टिकणारा कागद नव्हता.

अमेरिकेचा आरसा सगळे दाखवत नाही, हेही सांगितले पाहिजे. तिथे रेषा एक होती, काळा आणि गोरा. इथे पायऱ्या आहेत. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले तिच्यात प्रत्येकाच्या खाली कोणीतरी असतो. १ ऑगस्ट २०२४ च्या उपवर्गीकरणाच्या निकालावरून महार आणि मातंग वस्त्यांत जे बोलले जाते त्याचे उत्तर अमेरिकेत शोधू नये, ते आपल्यालाच एकमेकांसमोर बसून शोधावे लागेल. ऊस तोडणारेही केवळ दलित नाहीत. वंजारी, मराठा, बंजारा, धनगर, सगळेच कोयता घेऊन जातात.

इथे मात्र अमेरिका पुन्हा उपयोगी पडते. १८९२ मध्ये जॉर्जियाचा टॉम वॉटसन गोऱ्या आणि काळ्या कुळांना सांगत होता की, तुम्हाला वेगळे ठेवतात ते वेगवेगळे लुटता यावे म्हणून. पुढे मते मिळेनात तेव्हा हाच वॉटसन काळ्यांचा मताधिकार काढून घ्यावा म्हणू लागला. गोऱ्या कुळाचे कर्ज त्याने फिटले नाही. २०२३-२४ मध्ये आरक्षणावरून आमच्या गावांत मराठा आणि ओबीसी अशा ज्या फळ्या पडल्या त्या पाहताना मला वॉटसन आठवत होता. एकाच मुकादमाच्या वहीत नावे असलेली माणसे एकमेकांच्या चहाला जाईनाशी झाली. उचल दोघांवरही तशीच राहिली.

म्हणून पुढच्या अभ्यासवर्गात मी भाषण कमी करणार आहे. प्रत्येकाने गावचा नमुना १-ई तलाठ्याकडून मागून आणायचा आणि ज्या घरातून कोयता जातो त्या घरचा उचलीचा हिशोब वहीत उतरवून आणायचा, असे ठरवले आहे. कायदा कुठे रिकामा झाला ते त्या दोन कागदांवर दिसेल, आणि तिथून पुढे काय करायचे हेही बोलता येईल.

प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाचे मायबाप यंदाही कारखान्यावर होते, हे मला नंतर कळले. उचल फिटली का, हे विचारायचे माझ्याकडून राहिले. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करीन.